ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो?

“बी.एस्सी. झालं, तालुक्याला नोकरी मिळतेय, पण वडील नको म्हणतात. त्यांची सही लागेल का?” “मार्कशीट कपाटात आहेत आणि किल्ली मोठ्या काकांकडे.” “पगार माझा, पण एटीएम कार्ड सासऱ्यांच्या खिशात.” “भाऊ म्हणतो, हक्कसोड करून दे, नाहीतर माहेर विसर.” गावाकडच्या शिकलेल्या मुली समुपदेशकांना, प्राध्यापिकांना, वकिलांना विचारतात ते प्रश्न फिरून फिरून असेच असतात. हे विचारणाऱ्या सगळ्याच जणींना काही घर सोडायचं नसतं. घरात राहून, घरच्यांशी बोलणं चालू ठेवून, स्वतःच्या आयुष्यापुरते निर्णय स्वतः घ्यायचे असतात.

सिनेमात हा फैसला उंबरठ्यावरच्या एका मोठ्या भांडणात होतो. गावात तो त्याच्या कितीतरी आधी, अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी होऊन गेलेला असतो. आधारला कुणाचा नंबर जोडलाय, खात्यावर पहिलं नाव कुणाचं, पहाटेची धार कोण काढतं, यांवर बरंच अवलंबून असतं. सुरुवात तिथूनच केलेली बरी.

परवानगी कुणाची लागते?

अठरा वर्षं पूर्ण झाली की तुम्ही सज्ञान. नोकरीला रुजू होणं, कॉलेजात प्रवेश घेणं, बँकेत खातं उघडणं, दुसऱ्या गावी खोली घेऊन राहणं यांपैकी कशालाही वडिलांची, भावाची किंवा नवऱ्याची परवानगी कायद्यानं लागत नाही. वसतिगृहं पालकाची सही मागतात हे खरं. पण ती आईची चालते का, असं विचारायचं बहुतेक जणींना सुचतच नाही. विचारा.

न्यायालयांची भूमिकाही याबाबत स्पष्ट आहे. केरळमधल्या हादिया प्रकरणात उच्च न्यायालयानं होमिओपॅथी शिकणाऱ्या एका सज्ञान तरुणीला, तिचं लग्न रद्द ठरवून, आईवडिलांच्या ताब्यात दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2017 मध्ये तिला आधी सेलमच्या कॉलेजात इंटर्नशिप पुरी करायला पाठवलं आणि मार्च 2018 मध्ये तिचं रद्द ठरवलेलं लग्नही वैध ठरवलं. सज्ञान मुलीची निवड घरच्यांना पटत नाही, एवढ्यावरून ती मोडता येत नाही.

अर्थात कायदा बाजूनं आहे म्हणून संध्याकाळी घरी जेवायला बसताना काही सोपं होत नाही. त्यासाठी पुढची तयारी.

आधी कागद

पहिलं काम मोबाइल नंबरचं. शाळेत असताना घरात एकच फोन होता, म्हणून आधारला भावाचा किंवा वडिलांचा नंबर दिला गेला आणि तो तसाच राहिला. आता डिजिलॉकर असो, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज असो की पॅन, प्रत्येक वेळी “दादा, ओटीपी आला का रे?” आलंच. दादा शेतावर असेल तर अर्जाची मुदत जाते. दादाच्या मनात नसेल तर ओटीपी ‘आलाच नाही’ असंही होतं.

- स्वतःच्या आधारवर, स्वतःच्या नावानं सिम घ्या. भावाच्या नावावरचं सिम तुमच्या फोनमध्ये असलं तरी मालक तोच, आणि तो ते केव्हाही बंद करू शकतो. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येतं.
- आधार केंद्रावर किंवा आधारची सोय असलेल्या पोस्टात जाऊन नंबर बदलून घ्या. त्याला कुठलंही कागदपत्र लागत नाही. बोटांचे ठसे आणि ठरलेलं शुल्क पुरतं.
- मग डिजिलॉकर उघडा. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे मिळतात, आणि तिथून काढलेली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरावी असा नियम आहे.
- कपाटाची किल्ली मिळणारच नसेल तर दुय्यम प्रती काढा. दहावी-बारावीसाठी राज्य मंडळाचं विभागीय कार्यालय, पदवीसाठी विद्यापीठाचा परीक्षा विभाग. वेळ जातो, पण होतं.

राखीव प्रवर्गातल्या मुलींनी एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी करावी: जात वैधता प्रमाणपत्र. त्याला वडील, काका, आजोबा यांचे शाळेचे दाखले आणि जुन्या नोंदी लागतात. म्हणजे हा एकच कागद असा, की जो घरच्यांशी बिनसल्यावर मिळवणं फार अवघड होऊन बसतं. आणि तो आयुष्यभर माहेरच्याच बाजूनं मिळतो, लग्नानंतरही. घरात सगळं गोडीत असताना, एखाद्या प्रवेशाच्या निमित्तानं तो काढून ठेवा.

मग पैसा

माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी गावातल्या बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा संस्थापक सभासद निरक्षर आहेत, त्या अंगठा उठवतात, म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि आमच्याकडून तोंडी व्याजाचा हिशेब करून घ्या असं अधिकाऱ्यांना म्हणाल्या. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बायकांना सहीसाठी झगडावं लागलं होतं. तुम्हाला सही येते, हिशेब येतो, फोनवर पैसे पाठवता येतात. तरीही खातं दुसरंच कुणी चालवत असेल तर आधी ते हातात घ्या.

शाळेत असताना पालकांच्या देखरेखीखाली काढलेलं खातं अठराव्या वर्षी आपोआप तुमचं होत नाही. बँकेत जाऊन नवी सही, फोटो आणि केवायसी द्यावं लागतं. खात्यावर वडिलांचं नाव पहिलं असेल तर त्यावर वाद घालण्यापेक्षा दुसरं, फक्त तुमच्या नावाचं खातं उघडणं जास्त सोपं. तेही जमेपर्यंत पोस्टाची बँक आहेच. पोस्टमनच घरी येऊन खातं उघडून देतो.

इथे एक खाचखळगा आहे. शिष्यवृत्ती किंवा ‘लाडकी बहीण’चे दरमहा 1,500 रुपये अशा थेट जमा होणाऱ्या रकमा आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जातात. नवं खातं उघडून ‘आधार सीडिंग’ बदललं नाही, तर पैसे जुन्याच खात्यात पडत राहतात. बँकेत तेवढा एक फॉर्म भरायला विसरू नका.

पगार घरात द्यायचा की नाही? जरूर द्या, घर सगळ्यांचं असतं. पण कार्ड आणि पिन देऊ नका. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम स्वतःच्या हातानं किंवा स्वतःच्या फोनवरून द्या. रक्कम तेवढीच असते, पण ‘तिचे पैसे घरात येतात’ आणि ‘ती घरात पैसे देते’ या दोन्हींत दिवाळीच्या खरेदीपासून बहिणीच्या फीपर्यंत फरक पडतो.

आणि जामीन. भावाच्या ट्रॅक्टरला, काकांच्या दुकानाला, किंवा घरच्या गरजेसाठी तुमच्या नावानं काढलेल्या मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाला सही करताना दहादा विचार करा. हप्ते थकले की तुमचं सिबिल बिघडतं, आणि उद्या तुमचंच शिक्षणकर्ज किंवा घरकर्ज अडतं. “नुसती सही तर हवीये” हे वाक्य ऐकलं की तो कागद घरी घेऊन वाचायला मागा.

घरात बोलताना

“लोक काय म्हणतील” हे कारण सगळ्यांत मोठ्यानं सांगितलं जातं, म्हणून मुली त्याच्याशीच भांडत बसतात. पुष्कळ घरांत खरं कारण दुसरंच असतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. मुलगी सकाळी सातच्या एसटीनं गेली, तर धार कोण काढणार, शेण कोण भरणार, आजीला आंघोळ कोण घालणार, वीस भाकऱ्या कोण थापणार? नोकरीमुळे अब्रू जाईल की नाही हे नंतर कळेल. कामाचा माणूस मात्र उद्यापासूनच जातो. त्याचा सगळा भार आईवर पडतो. आणि मग सगळ्यांत जवळचं माणूस, म्हणजे आईच, “राहू दे ना बाई यंदा” म्हणते.

तेव्हा स्वातंत्र्याची भाषा बाजूला ठेवून कामाचा हिशेब मांडा. दिवसभरात तुम्ही काय काय करता ते कागदावर उतरवा. त्यातलं सकाळी निघण्याआधी काय होईल, भावावर काय टाकता येईल, कशासाठी पगारातून बाई किंवा गडी लावता येईल, याचा प्रस्ताव घेऊनच बसा. (भावाला धार काढता येत नाही, हे बहुतेक वेळा खरं नसतं.)

बोलायचं कुणाशी, हेही ठरवा. निर्णय वडीलच घेतात असं नाही. कधी तो आजीचा असतो, कधी मुंबईला गिरणीत असलेल्या आणि आता गावी परतलेल्या चुलत्याचा. त्या माणसाला पटेल असा माणूस शोधा: शाळेतल्या बाई, आधी शिकून नोकरीला लागलेली गावातलीच एखादी सून, आत्याचे यजमान. आणि आईला पुढे करून तिच्या तोंडून विचारायला लावू नका. नकार तुम्हाला मिळतो, बोलणी तिला बसतात.

सुरक्षिततेची काळजी खोटी नसते. तिला ठोस उत्तर द्या. एसटीच्या वेळा, वसतिगृहाच्या रेक्टरचा नंबर, सोबत जाणाऱ्या मुलींची नावं. खर्चाचा मुद्दा निघाला तर 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मंच तिकीट आहे, हे सांगा. ‘कायमचं’ असा शब्द वापरण्यापेक्षा ‘सहा महिने करून बघते’ म्हणा. सहा महिन्यांनी घरात पैसे येऊ लागलेले असतात आणि गावाचं बोलून झालेलं असतं.

शिकायचं की कमवायचं?

दोन्ही जमण्यासारखं आहे, पण मार्गांचे खरे भाव माहीत हवेत.

- पुढचं शिक्षण: 2024-25 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर शुल्कात पूर्ण सवलत आहे. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. एजंट हे सांगत नाही. राहण्या-जेवण्यासाठी स्वाधार, स्वयम्, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा वेगवेगळ्या प्रवर्गांच्या योजना आहेत. घरूनच शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.
- गावातलं काम: आशा, अंगणवाडी, ‘उमेद’ अभियानातली बँक सखी ही कामं घराजवळची आणि मानाची आहेत. पण त्यात पगार नसून मानधन किंवा कामागणिक मोबदला असतो. ते धरूनच हिशेब करा.
- विनाअनुदानित शाळा: ‘उद्या अनुदान येईल’ या आशेवर इथे कित्येक जणींची वर्षं गेली आहेत. नेमणूक पत्र आणि पगाराची रक्कम लेखी मिळत नसेल, तर तिला नोकरी म्हणू नका.
- स्पर्धा परीक्षा: सरकारी नोकऱ्यांत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे, संधी खरी आहे. पण ‘अजून एक अटेम्प्ट’ करताना वय वाढतं आणि लग्नाचा दबावही. किती वर्षं, ते सुरुवातीलाच स्वतःशी ठरवा, आणि सोबत थोडी का होईना कमाई ठेवा. दोन वर्षं अभ्यासिकेत बसलेल्या मुलीपेक्षा अर्धवेळ कमावून अभ्यास करणाऱ्या मुलीचं घरात जास्त ऐकलं जातं. हे योग्य नाही, पण असं घडतं.

नोकरीच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात किंवा दवाखान्यात अंतर्गत समिती नसते. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घरी कळलं तर नोकरी सोडायला लावतील, या भीतीनं कित्येक जणी गप्प राहतात. तक्रार गोपनीय ठेवणं समितीवर बंधनकारक आहे, हे त्यांना ठाऊक नसतं.

स्थळ आलं की

“लग्नानंतर शिकू दे की, आमची काही हरकत नाही” असं बैठकीत म्हटलं जातं. या शब्दाला कुठल्याही कोर्टात किंमत नाही. म्हणून शक्य असेल तर परीक्षा देऊन, रुजू होऊन मगच तारीख काढा. ते जमत नसेल तर मुलाशी स्वतः बोला आणि मोघम विचारू नका: फी कोण भरणार, एसटी स्टँडपर्यंत कोण सोडणार, पगार कुठल्या खात्यात राहणार? गोंधळलेलं उत्तर हेही एक उत्तरच असतं.

लग्नानंतर नाव बदलावंच, असा कायदा नाही. भरती किंवा पदवी अर्धवट असताना नाव बदललं तर आधार, गुणपत्रिका आणि जातीचा दाखला एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कागदपत्र पडताळणीच्या दिवशी धावपळ होते. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत करून घ्या. माहेरून मिळालेले दागिने, भांडी, रोख यांची यादी, पावत्या आणि फोटो स्वतःकडे ठेवा. स्त्रीधन तुमचं असतं, सासूच्या कपाटात असलं तरी.

जबरदस्तीनं लग्न लावलंच तर हिंदू विवाह कायद्यानुसार ते रद्द करून घेता येतं. दबाव संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर तुम्ही राजीखुशीनं संसार केलेला नसावा लागतो. हे वर्ष ‘बघू, जमेल’ म्हणता म्हणता निघून जातं.

हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. मुलींच्या बाबतीत कायदा त्याहून पुढे गेला आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालानं उरलासुरला घोळही मिटवला: हा हक्क जन्मानं मिळतो, 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि आदिवासी मुलींचे नियम वेगळे आहेत, त्यांनी वकिलालाच विचारावं.

सही बहुतेक वेळा अशी मागितली जाते: वडील गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत, दुःख ओलं असताना, “वारस नोंद करायचीय” किंवा “सोसायटीचं कर्ज काढायचंय” म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात. वारस नोंदीसाठी हक्कसोड लागत नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवायचं तर फसवणूक सिद्ध करावी लागते, दिवाणी दावा लावावा लागतो.

यातला एक तोटा फारसा कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सातबाऱ्यावरून नाव काढलंत, की पुढे स्वतःच्या पैशानं गुंठाभर शेत घ्यायचीही अडचण होऊ शकते.

मग करायचं काय? भावाशी कोर्टात जायची गरज नसते. नाव लागू द्या आणि वाटणी आज मागू नका. “जमीन तूच कस, पण माझं नाव राहू दे” या वाक्यावर भांडणाऱ्या भावाला नेमकं काय हवंय, तेही मग उघड होतं. सातबारा आणि फेरफार महाभूमीच्या संकेतस्थळावर अधूनमधून पाहत जा. ‘आपली चावडी’वर फेरफाराच्या नोटिसा दिसतात. हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात, ती लेखी घ्या.

सगळं समजून, स्वखुशीनं भावाला द्यायचं असेल तर तोही तुमचाच अधिकार आहे. फक्त तो निर्णय दहाव्याच्या दिवशी घेऊ नका.

अडवणूक वाढली तर

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त सुनांसाठी आहे, असा पक्का समज आहे. तो चूक आहे. एका घरात राहणारी मुलगी, बहीण, विधवा भावजय यांनाही तो लागू होतो; वडील आणि भावाविरुद्धही. कायद्याखालच्या घटना अहवालाच्या नमुन्यात हिंसेचे प्रकार छापलेलेच आहेत: कॉलेजला जाऊ न देणं, नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, पगार काढून घेणं, मनाविरुद्ध लग्न लावणं. मारहाणीची खूण असायलाच हवी असं नाही.

या कायद्याखाली लगेच कुणाला तुरुंगात टाकत नाहीत. दंडाधिकारी आधी मनाई आदेश देतात, घरात राहण्याचा हक्क राखतात. आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो. वडिलांना ‘आत टाकायचं’ नाही म्हणून मागे राहणाऱ्या मुलींनी हा फरक ध्यानात घ्यावा.

- हेल्पलाइन 181. तातडीचा धोका असेल तर 112.
- जिल्ह्याच्या ठिकाणचं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर: काही दिवसांचा निवारा, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत.
- जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर विचारा. घटना अहवाल तेच भरून घेतात.
- तालुका न्यायालयातली विधी सेवा समिती. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, फोन 15100.

घर सोडायचीच वेळ आली, तर गुपचूप नाहीसं होऊ नका. घरचे बेपत्ता झाल्याची तक्रार देतात, पोलीस शोधत येतात आणि नव्या गावी घरमालक घाबरतो. निघण्याच्या दिवशीच गावच्या पोलीस ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं सही-तारखेचं पत्र पाठवा: वय अमुक, स्वेच्छेनं जात आहे, कुणी पळवून नेलेलं नाही. पत्त्याऐवजी फोन नंबर दिला तरी चालेल. पोलिसांनी बोलावलं तर जवळच्या ठाण्यात जबाब द्या. सज्ञान मुलीला तिच्या मर्जीविरुद्ध घरी पोचवण्याचा अधिकार त्यांना नाही. घरचे दागिने सोबत नेऊ नका, स्वतःच्या खरेदीचे असले तरी. चोरीची तक्रार करायला तेवढं निमित्त पुरतं. आधार, पॅन, पासबुक, जात वैधता आणि गुणपत्रिका एका पिशवीत आधीच मैत्रिणीकडे ठेवलेल्या असाव्यात, आणि पत्राची पोस्टाची पावती त्याच पिशवीत.